प्रतिसाद: 'वयाइतका स्कोअर' आणि हँडिकॅप
उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्या काकांच्या श्रद्धांजलीत त्यांच्या गोल्फबद्दल 'वयाइतका स्कोअर' असं आलंय, त्याचा अर्थ वर विचारलाय. म्हणजे १८ होलच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या) पूर्ण फेरीत लागलेले एकूण फटके वयाइतके किंवा त्याहून कमी. पार (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके) ७२ असलेल्या कोर्सवर, म्हणजे मैदानावर, ७८व्या वर्षी ७८, म्हणजे पारपेक्षा सहाच जास्त. हौशी खेळाडूला ७८चा स्कोअर तिशीतही जड जातो.

हँडिकॅप १२ म्हणजे १२ स्पर्धा जिंकल्या असं नव्हे बरं का! हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा. २०२०च्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वरून, कोर्सचा अवघडपणा धरून, तो काढतात. आकडा कमी तेवढा खेळ चांगला.

श्रद्धांजलीतल्या त्यांच्या 'मुठीतल्या वाळू'बद्दल: धातू ओतायच्या साच्याच्या वाळूत ओल साधारण ३-४ टक्के लागते. जास्त झाली की वाफ कोंडून कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ भोकं, पडतात, कमी झाली की साचा ढासळतो. मुठीत दाबलेला गोळा मोडताना कडा शाबूत राहिल्या, की वाळू जमली.