डेबियन १३ या लिनक्स प्रणालीने जुन्या ३२-बिट पीसी प्रोसेसरचा आधार काढला. वाचनालयातील जुन्या संगणकांचे काय करावे?

प्रश्न
आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव नोंदवण्यासाठी अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरचे एक नेटबुक आणि एक जुना डेस्कटॉप वापरात असून दोन्हींवर डेबियन १२ ची ३२-बिट आवृत्ती आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी, म्हणजे ३२-बिट इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरसाठी, कर्नेलही (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. चालती यंत्रे केवळ प्रोसेसर जुना म्हणून भंगारात द्यायला मन धजत नाही. हा निर्णय का झाला आणि आम्ही काय करावे?

प्रतिसाद १
आधी डेस्कटॉप खरोखरच ३२-बिट आहे का, ते तपासा. टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा द्या आणि फ्लॅग्जच्या लांबलचक यादीत ‘एलएम’ (lm) ही दोन अक्षरे शोधा; ती सापडली तर प्रोसेसर ६४-बिट आहे. कोअर टू ड्युओच्या काळात रॅम जेमतेम एक-दोन जीबी असल्यामुळे अशा यंत्रांवर सर्रास ३२-बिट प्रणाली टाकली जाई. तसे निघाल्यास नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन एएमडी६४ (६४-बिट) आवृत्ती नव्याने बसवा. आहे त्याच प्रणालीचे जागच्या जागी रूपांतर करण्याच्या फंदात पडू नका. एन२७० मात्र निव्वळ ३२-बिटच आहे.

प्रतिसाद २
कारणांविषयी. ३२-बिट प्रोग्रामला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी पत्ते मिळत नाहीत, त्यामुळे ब्राउझरसारखे अवाढव्य प्रोग्राम त्यावर बांधणेच अवघड होत गेले. सुरक्षेतही हेळसांड झाली: मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटीवरचा उपाय ६४-बिट लिनक्सला जानेवारी २०१८ मध्ये कर्नेल ४.१५ मधून मिळाला, तर ३२-बिट एक्स८६ ला (इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरना) त्यासाठी ऑक्टोबरमधल्या ४.१९ पर्यंत थांबावे लागले. मला सर्वांत निर्णायक वाटतो तो काळमोजणीचा प्रश्न. सेकंदांची ३२-बिट मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, म्हणून डेबियन १३ ने आर्महेफसारख्या (एआरएम प्रोसेसरसाठीच्या) ३२-बिट आर्किटेक्चरना ६४-बिट मोजणी दिली. आय३८६ ला मुद्दाम वगळले, कारण सोर्स (मूळ कोड) हाताशी नसलेले जुने प्रोग्राम ६४-बिट यंत्रावर चालवता यावेत एवढ्यासाठीच आता ते ठेवले आहे. चालू यंत्र बाद ठरण्याचे दुःख मलाही आहे, पण तपासणारी माणसे उरली नसताना आधार असल्याचे भासवणे अधिक घातक ठरले असते.

प्रतिसाद ३
नेटबुकवर डेबियन १२ च राहू द्या आणि १३ वर अपग्रेड अजिबात करू नका. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. ब्राउझिंग मात्र त्यावर थांबवा, कारण फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडले आहे. देवघेवीच्या नोंदींना इंटरनेट लागत नाही, तेव्हा वायफाय बंद ठेवूनही ते काम चालेल. नवी प्रणाली शिकण्याची तयारी असेल, तर नेटबीएसडी ही दुसरी मुक्त प्रणाली आय३८६ वर अजून चालते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. डेस्कटॉपच्या यादीत ‘एलएम’ सापडले. रविवारी वाचनालय बंद असते, तेव्हा त्यावर एएमडी६४ बसवतो. नेटबुकचे वायफाय आजच बंद केले आहे.