फॉरेन्सिक संशोधनासाठी देहदान: खान्देशात सोय व्हावी का?

गिरणाकाठ, जळगाव
आपल्याकडे देहदान म्हणजे मेडिकल कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागाला देह देणं. माझं स्पष्ट मत आहे की फॉरेन्सिक अभ्यासासाठीही देह देता यायला हवा.

अमेरिकेत नॉक्सव्हिलला टेनेसी विद्यापीठाच्या जागेत १९८१पासून हे काम चालतं. देह मोकळ्या जमिनीवर ठेवतात, कुजण्याचा एकेक टप्पा टिपतात. ते सुरू करणारे विल्यम बास १९७७मध्ये एका उकरलेल्या कबरीतला देह बघून म्हणाले होते, मृत्यूला वर्षभर झालं असेल. तो निघाला १८६४च्या लढाईत पडलेला अधिकारी. देह टिकावा म्हणून त्याला मसाला भरलेला होता, म्हणून तो ताजा वाटला. एवढा जाणकार माणूस ११३ वर्षांनी चुकतो, मग कोर्टात मृत्यूची वेळ कशाच्या जोरावर सांगायची?

सिडनीजवळही २०१६पासून असं केंद्र आहे, कारण तिकडच्या हवेला अमेरिकेचे आडाखे पुरत नाहीत. देहावरच्या अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ काढतात, आणि त्या किती वेगाने वाढतात ते तापमानावर ठरतं. भुसावळचा मे महिना, पारा ४५च्या वर, प्रेत कपाशीच्या मोकळ्या रानात. याचं गणित नॉक्सव्हिलवरून कसं मांडणार?

अमळनेरकर
भाऊ, मला हे मुळीच पटत नाही. माणूस गेला की अग्निडाग, अस्थी तापीत, मग गंधमुक्ती. शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये निदान पोरं देहाला हात जोडून कामाला लागतात. इथे उघड्यावर किडे लागू द्यायचे? टेक्सासात सॅन मार्कोसला गिधाडं देह कसा खातात तेही अभ्यासतात. माझ्या मायला मी तिथे ठेवणार नाही. शिवाय नॉक्सव्हिलवाले हाडं परत देत नाहीत, संग्रहात ठेवतात. मग तापीत सोडायचं काय?

शिरपूर_दादा
पारशी लोक परंपरेने देह गिधाडांच्या हवाली करत आले, त्याला कुणी विटंबना म्हणत नाही. लिंगायतांत दफन करतात. मान विधीत असतो, तसा माणसाच्या इच्छेतही असतो. तुमच्या मायची इच्छा नसेल तर विषयच संपला. पण माझी असेल, तर तुम्ही का अडवता?

नवापूरची ताई
इच्छेचंच बोलायचं तर गरिबाला कोण विचारतं? राज्याच्या १९४९च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेत मेडिकल कॉलेजला देता येतं. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात. तिकडे कुणी दगावला आणि घरी कळलंच नाही, तर तो बेवारस. उद्या असं केंद्र झालं की पहिले देह कुणाचे येतील? शेठ लोकांचे नक्कीच नाही.

गिरणाकाठ, जळगाव
ताई, म्हणूनच नियम एकच हवा: जिवंतपणी लेखी संमती दिलेलाच देह, बेवारस एकही नाही. ही अट नसेल तर माझाही विरोध. पण अनोळखी सांगाडा सापडतो तेव्हा त्याचं वय, उंची हाडांवरून काढतात, आणि ती मापं माणसांच्या गटागटांत बदलतात. आपल्या हाडांची पक्की मापं झाली, तर त्या मजुराचं नाव सापडायची शक्यता वाढेल.

नवापूरची ताई
मापं झाली तरी जुळवायची कशाशी? माणूस हरवल्याची तक्रारच लिहून घेत नाहीत. बाई रडत येते, तिला "येईल तो, वाट बघ" म्हणून परत लावतात. आधी ती तक्रार नोंदवून घ्यायला लावा. ते झालं की तुमच्या फॉर्मवर मीही सही करते.