एक्सएलआर घेऊ की आरसीएवरच राहू? मदत हवी आहे

मंडळी, डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा) आणि अँप (अँप्लिफायर) यांच्यामधली केबल बदलायचीये, दोन्हीला आरसीए (साधं, अनबॅलन्स्ड) सॉकेट पण आहे आणि एक्सएलआर (तीन पिनांचं, बॅलन्स्ड) पण, आणि वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. थिअरी कळते हो, बॅलन्स्डमध्ये तोच सिग्नल दोन तारांतून जातो, एकात उलटा, आणि पुढे अँप दोन्हीतला फरक घेतो म्हणून वाटेत दोन्ही तारांवर सारखाच बसलेला नॉइज कटतो. पण माझी केबल जेमतेम मीटरभर, तेवढ्यात असा कितीसा नॉइज शिरणार?

आता खरी भानगड. टीव्ही आरसीएने अँपला जोडला की बारीक घूं सुरू होते, सोर्स कुठलाही लावा, आणि टीव्हीची केबल, म्हणजे सेट टॉप बॉक्सकडून येणारी कोअॅक्स, काढली की एकदम गप्प. म्हणजे ग्राउंड लूपच ना (जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडचं वेटोळं होऊन त्यातून घूं येते तो)? मग डॅकला एक्सएलआर लावून ती घूं जाईल का, की आधी टीव्हीचाच बंदोबस्त करावा, ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) वगैरे लावून? मला तरी आधी टीव्हीचं बघावं हेच पटतंय.

अजून एक, एक्सएलआरवर आवाज मोठा येतो, बऱ्याच डॅकमध्ये आरसीएला 2 व्होल्ट आणि एक्सएलआरला 4, म्हणजे 6 डीबीचा फरक. मग "एक्सएलआर भारी वाजतं" म्हणणारे लेव्हल मॅच करून, म्हणजे दोन्हींचा आवाज सारखा ठेवून, ऐकतात की नुसतं मोठं ते चांगलं? आणि मागे एक्सएलआरचं सॉकेट असलं तरी आतलं सर्किट खरंच बॅलन्स्ड आहे हे ओळखायचं कसं? कोणी दोन्ही लावून बघितलं असेल तर सांगा प्लीज.