कर्णबधिर बहिणीला आपली तक्रार स्वतः मांडता यावी यासाठी मदत हवी आहे

माझी थोरली बहीण जन्मतः कर्णबधिर असून तिची भाषा खुणांची आहे. तिला लिहिता-वाचता येते, परंतु लिहिलेली वाक्ये तिला परक्या भाषेसारखी वाटतात, हे ऐकू येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नवरा तीन वर्षांपासून मारहाण करतो, हे तिने मला गेल्या महिन्यात सांगितले. मात्र त्याच्याही आधी तिने सांगितले ते हे, की राग आला की तो तिचा मोबाइल काढून घेतो. ती आमच्याशी व्हिडिओ कॉलवरच बोलते, त्यामुळे फोन गेला की बाहेरच्या कोणाशीही तिचा संबंध उरत नाही. कोणाच्या कुबड्या लपवून ठेवाव्यात तसाच हा प्रकार आहे. पण अंगावर वळ उठत नसल्याने याला हिंसा म्हणायला लोक चटकन तयार होत नाहीत.

हेल्पलाइनवर मी तिच्या वतीने फोन केला, तेव्हा पीडितेनेच बोलावे असे सांगण्यात आले. नियम रास्त आहे, पण तिने बोलायचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पुढे आम्ही एका केंद्रात गेलो. तिथे दुभाषी नसल्यामुळे समुपदेशक बाईंनी, अगदी सद्भावनेने, घरात ज्यांना खुणा चांगल्या येतात त्यांना घेऊन या असे सुचवले. आमच्याकडे असा माणूस एकच, तिचा नवरा! मला येतात त्या घरगुती खुणा. संमती किंवा जबरदस्ती याविषयीचे नेमके प्रश्न मला त्यांतून विचारता येत नाहीत. शिवाय धाकट्या बहिणीसमोर, म्हणजे माझ्यासमोर, ती बरेच गाळत होती, हे मला दिसत होते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे १६ वे कलम सांगते की संरक्षण सेवा देताना वय, लिंग आणि अपंगत्व विचारात घेतले पाहिजे. न्यायप्रक्रियेत आवश्यक ते बदल करून देण्याची तरतूद १३ व्या कलमात आहे. हे दाखवून केंद्राकडे लेखी मागणी करावी का, आणि कोणत्या शब्दांत करावी?

कोणी व्हिडिओवरून स्वतंत्र दुभाषी मिळवला आहे का? कर्णबधिरांचे वर्तुळ लहान असते. दुभाषी नवऱ्याच्या ओळखीचा निघाला तर काय, ही तिची मोठी भीती आहे. जबाब देताना तिच्या मूळ खुणांचे चित्रीकरण व्हावे असा आग्रह धरला, तर पुढे भाषांतराविषयी वाद झाल्यास त्याचा उपयोग होतो का? निवारागृहात दाराची घंटा आणि आगीची सूचना दिव्याने कळण्याची सोय असते का, हेही विचारायचे आहे. घर सोडायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि ते तीच ठरवेल.

तिचा फोन तपासला जातो, म्हणून त्यावर यातले काहीही पाठवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. तुमची उत्तरे मी तिला भेटूनच सांगेन.