‘२८ इयर्स लेटर’ पाहून लोक इतके का चिडले?

सावट

(पुढे कथानक पूर्ण उघडं केलं आहे. सिनेमा पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

जून २०२५ मध्ये हा सिनेमा आला तेव्हापासून त्यावरची भांडणं वाचतोय. समीक्षकांची टक्केवारी नव्वदीच्या आसपास आणि सामान्य प्रेक्षकांची साठीत. अमेरिकेत प्रेक्षकांना विचारून सिनेमास्कोर जी श्रेणी काढते, तीही ‘बी’. ‘पहिला तास जबरदस्त, पुढे नुसती रडारड’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता उत्तर द्यायलाच हवं.

माझ्या मते ती रडारड हाच खरा सिनेमा आहे.

२००२ च्या पहिल्या भागात ‘रेज’ विषाणू प्रयोगशाळेतून बाहेर पडला आणि ब्रिटन संपलं. आता २८ वर्षांनंतर जगाने त्या बेटाला वाळीत टाकलंय आणि उरलेली थोडी माणसं किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न या छोट्या बेटावर राहतात. ती जागा खरोखरच तशी आहे. मुख्य भूमीला जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. बारा वर्षांच्या स्पाइकला त्याचा बाप जेमी त्या रस्त्याने पहिल्या शिकारीला नेतो. धनुष्यबाण, धावणारे बाधित, परतताना पाठीवर आलेला पाठलाग, हा सगळा भाग सगळ्यांनाच आवडला. मलाही.

पण गावात परतल्यावर बाप सगळ्यांसमोर पोराच्या पराक्रमाच्या खोट्या गोष्टी सांगतो, आणि पोरगा ते ऐकत बसतो. सिनेमा तिथेच वळतो. त्यानंतर स्पाइक आजारी आईला, आयलाला, घेऊन एकटा निघतो, कारण पलीकडे कुणी डॉक्टर आहे असं त्याच्या कानावर आलंय. डॉक्टर भेटतो आणि सांगतो की तिला कर्करोग आहे, तो मेंदूपर्यंत पोचलाय, उपाय नाही. जन्मापासून ज्याला शिकवलं की मरण धावत येतं आणि बाणाने थांबवता येतं, त्या पोरासमोर बाण चालणार नाही असं मरण येऊन बसतं. याहून भयंकर त्या सिनेमात काय आहे? लोकांना हे भय का वाटलं नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

उंबरठा

असहमत. चिडलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून सांगतो.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं ट्रेलर आठवा. किपलिंगच्या ‘बूट्स’ या १९०३ च्या कवितेचं १९१५ मधलं ध्वनिमुद्रण, तो टेलर होम्सचा हळूहळू चढत किंचाळीपर्यंत जाणारा आवाज, आणि त्यावर कापलेली दृश्यं. इतकं अंगावर येणारं ट्रेलर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या आवाजाने मला एक शब्द दिला होता की आता श्वास घेऊ देणार नाही. सिनेमाने तासाभराने तो शब्द मोडला. ट्रेलरमधला हाडकुळा बाधित म्हणजे पहिल्या भागाचा नायक किलियन मर्फीच, अशी हवा सगळीकडे झाली होती. तो मर्फी नव्हता आणि मर्फी या सिनेमात दिसतच नाही.

आईचं मरण वाईट दाखवलंय असं मी म्हणत नाही. पण मी भयपट पाहायला बसलो होतो. ‘तुम्हाला कळलं नाही’ असं प्रेक्षकाला म्हणणं सोपं आहे. आम्हाला कळलं, आणि कळूनच राग आला.

सावट

उंबरठा, ‘कळलं नाही’ असं मी म्हणालो नाही, पण तसं ऐकू आलं असेल तर चूक माझी.

ट्रेलरबद्दल मात्र वेगळं वाटतं. ‘बूट्स’ ही दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात दिवसेंदिवस चालत राहिलेल्या पायदळाची कविता आहे. समोर पाहावं तर पुढच्याचे बूट, आणि त्या एकसुरीपणानेच माणसाला वेड लागतं. त्यात शत्रू जवळजवळ नाहीच. सिनेमात ती बाप-लेकाच्या वाटचालीवर येते आणि मध्येच जुन्या युद्धांची चित्रफीत, १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’मधले तिरंदाज असे तुकडे येतात. म्हणजे पोरांना मारायला शिकवणारी ती जुनी परंपराच समोर ठेवलीय. ट्रेलरने शब्द मोडला नाही. तो आपण अर्धाच ऐकला.

ताम्हण

मला रडारडीचा त्रास नाही, पण बेशिस्तीचा आहे.

पहिल्या सिनेमाचा सगळ्यात भक्कम भाग म्हणजे बाधित हे झोंबी नाहीत. ती जिवंत माणसं आहेत, खात नाहीत, म्हणून उपासमारीने मरतात. शेवटी ती रस्त्यावर पडून संपताना दिसतात. २००७ च्या ‘२८ वीक्स लेटर’ची उभारणीच त्यावर आहे. सगळे बाधित मेले, म्हणून तर लोकांना लंडनमध्ये परत आणलं. त्याच सिनेमाच्या शेवटी विषाणू पॅरिसला पोचतो.

आता नव्या सिनेमात बाधित शिकार करतात, जमिनीवर सरपटत किडे खातात, कळपाने राहतात, त्यांना एक म्होरक्या ‘अल्फा’ आहे. पॅरिसचं काय झालं? युरोपातून विषाणू मागे रेटला, एवढी एक ओळ सुरुवातीला. विषाणू बदलला असेल, कबूल. मग तसं दाखवा. आणि ती बाधित बाई? ती गरोदर राहते आणि मूल निरोगी जन्मतं, का, तर वारेमुळे (प्लासेंटा). डॉक्टर हे एका वाक्यात सांगून मोकळा होतो. ज्या मालिकेने लोकांना नियम पाळायची सवय लावली, तिनेच ते असे सहज सोडले तर प्रेक्षकाने का सांभाळावेत?

पुनर्वसू

ताम्हण यांच्या तक्रारीत दम आहे, पण वारेचं ते वाक्य मला खटकलं नाही. तो डॉक्टर, केल्सन, तेरा वर्षं एकटा राहिलेला माणूस आहे. तो अंदाज सांगतोय. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा आहे ना दुसरा डॉक्टर.

मला बोलायचंय ते कॅमेऱ्याबद्दल, कारण ‘फोनवर काढलेला सिनेमा’ म्हणून बरीच टिंगल झाली. बराचसा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर, वेगळ्या लेन्स जोडून टिपलाय. बाण लागतो तेव्हा क्षण गोठून दृष्टिकोन गर्रकन फिरतो, त्यासाठी एका सांगाड्यावर वीसपर्यंत फोन लावले होते. हा छायालेखक अँथनी डॉड मँटल २००२ लाही होता. तेव्हा त्याने कॅनन एक्सएल१ हा छोटा डिजिटल कॅमेरा वापरला, आणि त्यामुळेच पहाटे थोडाच वेळ रस्ता अडवून रिकामं लंडन टिपता आलं. ती भुरकट, दाणेदार चित्रं आज सगळे डोक्यावर घेतात. त्या काळचा हाताशी असलेला कॅमेरा तो होता, आजचा हा आहे. फक्त या वेळी चौकट प्रचंड रुंद केलीय, २.७६ ला १. माणूस एका कोपऱ्यात आणि बाकी सगळं गवत. त्या गवताकडे पाहताना मला सतत भीती वाटत होती, उत्तरार्धातही.

निशिगंध

मी फक्त आईबद्दल लिहिते.

माझी आई अशाच आजाराने गेली. शेवटचे काही महिने डॉक्टर, नातेवाईक, सगळे गोल गोल बोलत होते. ‘बघू’, ‘अजून एक तपासणी करू’. केल्सन आयलाला तपासतो आणि समोर बसून सांगतो. तिला आधीपासून अंदाज होताच, हेही त्या दोन मिनिटांत दिसतं. आयला झालेल्या जोडी कोमरचा चेहरा तिथे सुटल्यासारखा होतो. ते पाहताना मला वाटलं, आमच्याशी कुणी असं बोललं असतं तर. म्हणून सावट यांचं म्हणणं मला अर्धं पटतं.

पण त्यानंतरचं मी माफ करू शकत नाही. मुलगा विरोध करतो, तर डॉक्टर त्यालाच गुंगीची सुई मारतो आणि तो अर्धवट शुद्धीत असताना आईला घेऊन जातो. परत येतो तो कवटी घेऊन. मग संगीत वाढतं, सूर्य उगवतो, मुलगा डॉक्टरने रचलेल्या हाडांच्या मनोऱ्यावर चढून ती कवटी सर्वांत वर ठेवतो, आणि आपण हे सुंदर आहे असं मानायचं. त्याला निरोप घ्यायला पुरता वेळ मिळाला नाही. मला मिळाला नव्हता, म्हणून मला माहीत आहे की ते सुंदर नसतं. ज्यांना उत्तरार्ध ‘खोटा’ वाटला त्यांच्यातल्या काहींना हेच बोचलं असेल, फक्त त्यांनी ‘कंटाळवाणा’ हा शब्द वापरला.

सावट

निशिगंध, त्या सुईकडे मी दुर्लक्ष केलं होतं, हे मान्य करतो. ‘मेमेंटो मोरी’, मरण आठव, आणि त्याच्या जोडीला ‘मेमेंटो अमोरिस’, प्रेम आठव, ही केल्सनची वाक्यं आणि ती भूमिका करणाऱ्या राल्फ फाइन्सचा तो मऊ आवाज यांत मी इतका गुंतलो की मुलाला विचारलंच नाही हे निसटलं. आता वाटतं की बापाने त्याला न विचारता मारायला नेलं आणि डॉक्टरने न विचारता सोडायला लावलं. हे सिनेमाला ठाऊक असावं असं मला वाटतं, कारण पुढे स्पाइक दोघांकडेही राहत नाही. पण ते संगीत तसं सांगत नाही, हे तुमचं खरं.

खिडकीतला

शेवटाबद्दल कुणीच का बोलत नाही? सगळ्यात जास्त शिव्या त्याला पडल्यात.

अठ्ठावीस दिवसांनी एकट्या स्पाइकवर बाधित चालून येतात आणि कुठूनतरी रंगीत ट्रॅकसूट, पिवळ्या केसांचे टोप घातलेली टोळी कोलांट्या मारत येऊन त्यांना कापून काढते. म्होरक्या, सर जिमी क्रिस्टल, म्हणजे सुरुवातीला टीव्हीवर टेलिटबीज ही लहान मुलांची मालिका पाहत बसलेला आणि चर्चमधल्या बापाच्या हातून क्रूस घेऊन पळालेला तोच पोरगा. आईच्या कवटीनंतर हे. मला वाटलं चुकून दुसरंच काही लागलं.

नंतर कळलं की तो वेश जिमी सॅव्हिलचा आहे. बीबीसीवर मुलांच्या इच्छा पुरवणारा लाडका निवेदक. २०११ मध्ये मेला आणि २०१२ मध्ये त्याने असंख्य मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं. सिनेमातलं ब्रिटन २००२ मध्येच थांबलं, म्हणून या टोळीला ते कधी कळलंच नाही. त्यांच्यासाठी तो अजूनही देवमाणूस आहे. हे समजल्यावर अंगावर सर्रकन काटा आला. ब्रिटिश प्रेक्षक पाहताक्षणी गार पडले असतील, बाहेरचे गोंधळून हसले.

उंबरठा

आणि हाच तर आक्षेप आहे. ज्या दृश्याचा काटा घरी जाऊन माहिती वाचल्यावर येतो, ते पडद्यावर फसलेलं दृश्य. शिवाय पुढचा भाग, निया डकोस्टाचा ‘द बोन टेंपल’, याच्या मागोमागच चित्रित केला आणि जानेवारी २०२६ मध्ये आणला. म्हणजे तो शेवट नव्हताच, पुढच्या भागाचा दरवाजा होता. एका पोराच्या आईचं मरण दाखवून लगेच दरवाजा उघडता?

ताम्हण

इथे मी उंबरठांच्या बाजूने. मात्र सॅव्हिलची कल्पना वाईट नाही, जागा वाईट आहे. जुन्या जगाच्या अर्धवट आठवणींतून मुलांनी धर्म रचणं हा विषय एवढा मोठा आहे की त्याला दोन मिनिटं देणं म्हणजे वाया घालवणं.

सावट

मी तरी त्या शेवटाच्या बाजूने उभा राहीन. ज्या मुलाचं बालपण टेलिटबीजसमोर तुटलं तो मोठा होऊन दूरचित्रवाणीवरच्या माणसाचा वेश घालतो. त्याला दुसरं मोठं माणूस ठाऊकच नाही. आणि आपला स्पाइक, दोन बापांना सोडून निघालेला, बरोबर त्याच्याच हातात सापडतो. मला तिथे खरी भीती वाटली, त्याच्यासाठी.

पण तुमच्यासाठी सिनेमा कुठे संपायला हवा होता?

उंबरठा

त्याच्या आधीच्या दृश्यावर. स्पाइक त्या बाधित बाईच्या बाळाला गावाच्या दाराशी ठेवून जातो, तिचं नाव आयला, सोबत चिठ्ठी. जेमी ती वाचतो आणि धावत सुटतो, त्या रस्त्यावर, पोराच्या नावाने ओरडत. आणि भरती आलेली असते. रस्ताच नाही. बाप गुडघाभर पाण्यात उभा. तिथे अंधार केला असता तर मी आज या बाजूने लिहीत नसतो.