‘इंडिका झोपवते, सॅटिव्हा उठवते’ : हे कुठून काढलंत?

खाडीकाठचा

किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारी एक पोस्ट काल इथेही येऊन पडली. सारांश असा : गांजाच्या जाती दोन. इंडिका आपली, भारतातली, रुंद पानाची, अंग ढिलं करून झोपवणारी. सॅटिव्हा परदेशी, बारीक पानाची, डोकं चालवणारी. मधलं ते हायब्रीड. आणि खाली मखलाशी, ‘पाहुणे विचारतात, आपल्याला माहिती हवी.’

माहिती हवी ना? मग नीट घ्या. लिनेयस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली ‘सॅटिव्हा’ नाव दिलं ते युरोपात दोरखंडासाठी लावत त्या झाडाला. लामार्क या दुसऱ्या अभ्यासकाने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ वेगळी काढली : खोड टणक, नशा जास्त आणि पानं अरुंद. आज परदेशी दुकानांत इंडिका म्हणून जे बुटकं, रुंद पानाचं झाड खपवतात ते मूळचं अफगाणिस्तान-हिंदुकुशकडचं. आणि केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरात वाढणारं उंच, बारीक पानाचं झाड, म्हणजे लामार्कच्या इंडिकाचं सख्खं भावंड, त्याला तीच दुकानं सॅटिव्हा म्हणतात. पोस्टकर्त्याने अख्खी पंगत उलटी बसवली आहे.

त्यात इतकी वर्षं सगळ्यांचा सगळ्यांशी संकर चाललाय. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनुकं तपासली तर एकाच नावाचे दोन नमुने एकमेकांपेक्षा तिसऱ्याच नावाच्या नमुन्याला जवळचे निघाले. नाव म्हणजे वाशीच्या मार्केटात आंब्याच्या पेटीवर छापलेलं ‘देवगड’. आत काय आहे ते आतल्यालाच ठाऊक.

परिणाम ठरतो झाडातली दोन द्रव्यं, टीएचसी किती आणि सीबीडी किती, ओढलं की खाल्लं, आणि घेणारा कोण यावर. सीबीडीने नशा होत नाही, टीएचसीने होते. रुडेरालिस नावाची तिसरी जात १९२४ पासून नोंदलेली आहे, दिवस लहान होण्याची वाट न बघता वयावर फुलणारी. पोस्टीत तिचा पत्ताच नाही.

आपल्याकडची जुनी वाटणी जातीची नव्हतीच, झाडाच्या भागाची आणि कृतीची होती. पानांची भांग, मादी झाडाच्या तुऱ्यांचा गांजा, राळेचा चरस. इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने गांजाचे प्रकार नोंदले ते चपटा, गोल आणि चूर : पायाने तुडवलेला, वळलेला आणि झडलेला. शेतातली नर झाडं वेळेत उपटली नाहीत तर बी धरतं आणि मालाची प्रत उतरते, म्हणून ती ओळखणारे जाणकार पैसे देऊन बोलवत. पण ‘रात्री इंडिका’ लिहायला सोपं.

तारकर्लीचा_पाहुणचार

पोस्ट मीच टाकली होती, नाव घ्यायला लाजू नका. माझा मावसभाऊ ॲमस्टरडॅमला चार वर्षं होता. दुकानात फळा असतो, त्यावर इंडिका, सॅटिव्हा स्वच्छ लिहिलेलं. इंडिका घेतली की दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत झोप. त्याने स्वतः अनुभवलंय. तुमच्या १७५३ ने त्याची झोप उडणार आहे का?

खाडीकाठचा

फळ्यावर ‘झोप येईल’ वाचून घेतलं आणि झोप आली! ग्रेट.

एवढं देतो : २०२१ च्या एका अभ्यासात इंडिका लेबलच्या नमुन्यांत मायरसीन हे वासाचं द्रव्य जास्त सापडलं. म्हणजे लेबल लावणारे वासावरून लावत असावेत. पण एकूण जनुकांत इंडिका-सॅटिव्हा असे दोन गट तिथेही पडले नाहीत. घ्या तुमचे चार आणे.

भिकूआजो

झिलांनो, पान बारीक काय नि रुंद काय, पोलीस पान मोजणत नाय, वजन करतत.

आमच्या वाडयेत एकान परसात अंबाडी लावल्यान. मुंबयसून इलेल्या नातवान तेचो फोटो काढून ‘आजोबांची सिक्रेट बाग’ म्हणान टाकल्यान. दुसऱ्या दिवशी अर्धो गाव कुंपणार उभो. म्हातारो आजून नातवावांगडा बोलणा नाय.

दापोलीची_कृषीकन्या

आजोबा 😂 पण चूक नातवाचीच असं नाही. अंबाडीचं शास्त्रीय नावच ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, पान गांजासारखं दिसतं म्हणून. नीट बघा : अंबाडीचं पान एकच, खोल कापलेलं. गांजाच्या पाच-सात-नऊ पर्णिका सुट्ट्या असतात आणि देठाच्या टोकाला जुळतात. अंबाडीला जास्वंदीच्या घराण्याचं पिवळसर फूल येतं, मध्ये गडद ठिपका. गांजाचं फूल लोकांना फूल वाटतच नाही.

आंबेवाला_पावस

एक मिनिट. धागाकर्त्याने जाता जाता जे ‘पेटीवर छापलेलं देवगड’ लिहिलंय ते खरं आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही. गांजाची चर्चा करतील तास-तासभर, पण कर्नाटकचा आंबा देवगड-रत्नागिरी म्हणून विकला जातो तेव्हा सगळे गप्प! २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. पुढे काय? मुंबईतला माणूस फेब्रुवारीत रस्त्यावर पेटी घेतो आणि एप्रिलमध्ये मला सांगतो, ‘यंदा तुमच्या आंब्याला चव नाही.’ अरे, तू माझा आंबा खाल्लास कधी?

तारकर्लीचा_पाहुणचार

आलात मुद्द्यावर! कर्नाटकातही कलम हापूसचंच ना? कलम म्हणजे तेच झाड, पुढची फांदी. मग चव बदलते ती माती-हवेने, आपल्या जांभ्या दगडाने. म्हणजे जात तीच असून माल वेगळा. गांजाचंही तसंच असेल, म्हणून इंडिका-सॅटिव्हा निदान अंदाजाला तरी ठेवा.

(आणि साल पातळ असते ती देवगडचीच. पावसवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

आंबेवाला_पावस

लावून घेणार. साल पातळ म्हणून चवीला चांगला हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? सोळातले चौदा आणे तयार झालेला, देठासकट काढलेला, गवतात पिकवलेला पावसचा आंबा आणि तुमचा बारा आण्यांत उतरवून पहिल्या पेटीचा फोटो काढायला धावलेला आंबा, दोन्ही शेजारी ठेवा. वास घ्या फक्त.

दापोलीची_कृषीकन्या

दोघांनाही : कलमाचा मुद्दा बरोबर आहे आणि तोच होमस्टेवाल्यांच्या विरुद्ध जातो. हापूसचं कलम कुठल्या झाडाचं हे नर्सरीत माहीत असतं. आमच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला तो नीलम आणि हापूसचा संकर, १९९२ चा ‘सिंधू’ रत्ना आणि हापूसचा. आई-बाप नोंदलेले. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाला कुठली नर्सरी नि कुठला दाखला? बियाण्याचं झाड असेल तर प्रत्येक रोप वेगळं. नाव ठेवतो तो विकणारा.

आणि रत्नात साका, म्हणजे आतला गर खराब होण्याचा दोष, होत नाही. हे मी दरवर्षी सांगते, दरवर्षी लोक ‘पण हापूसची सर नाही’ म्हणतात.

आंबेवाला_पावस

नाहीच.

वकीलबाई_चिपळूण

आंबा थोडा बाजूला ठेवाल का? होमस्टे चालवणाऱ्यांनी हे वाचा. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. कलम २० त जात लिहिलेली नाही. गांजा एक किलोच्या आत ‘अल्प’, वीस किलोच्या वर ‘व्यापारी’, आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू. चरस शंभर ग्रॅम आणि एक किलो. ‘अल्प’ म्हणजे माफ नव्हे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुंडीत झाड लावणं हा वेगळा गुन्हा, दहा वर्षांपर्यंत. तुऱ्यांशिवाय नुसती पानं या व्याख्येत येत नाहीत म्हणून ‘भांग चालते’ म्हणणाऱ्यांनी १९४९ चा आपला दारूबंदी कायदा उघडावा. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांखालच्या टीएचसीचं औद्योगिक पीक, म्हणजे हेम्प, सुरू केलं, त्याचा तुमच्या कुंडीशी संबंध नाही. हेम्पच्या बिया २०२१ पासून खाद्य म्हणून मान्य आहेत, पानं-तुरे नव्हेत.

पाहुण्यांना ‘माहिती’ देण्याच्या नादात स्वतःची जागा वापरायला दिली असं ठरलं तर कलम २५ बघा.

तारकर्लीचा_पाहुणचार

मॅडम, मी विकतो असं कुणी म्हटलं? हाच प्रॉब्लेम आहे. गोव्यातून येणारा पाहुणा पहिल्या दिवशी चहाआधी हेच विचारतो. ‘नाही’ म्हटलं की रिव्ह्यूत ‘होस्ट फ्रेंडली नाही’. पोलीस आम्हाला विचारणार, पाहुणे आम्हाला विचारणार, आणि इथे लिनेयस आम्हाला झोडपणार.

केळशीचा_वाटसरू

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, विसरलात? कर्दे, लाडघर, केळशी. कस्टमवाले आठवडाभर वाळू तुडवत होते. आमच्याकडे एका काकूंना वाटलं जहाजावरचा साबण पडलाय. तेव्हा कुणी इंडिका का सॅटिव्हा विचारलं नाही, सगळे पोरांना घरात कोंडून बसले.

वैद्यांची_सून

सासरे जातीफलादि चूर्ण द्यायचे, त्यात भांग असते. शुद्ध करून, मात्रा मोजून, पोट धरून ठेवण्यासाठी. जात त्यांनी कधी सांगितली नाही, मात्रा मात्र गुंजेत सांगत.

आणि पोस्टीत जे लिहायला हवं होतं ते कुणीच लिहीत नाही. ओढलेलं मिनिटांत कळतं, खाल्लेलं चढायला तास-दोन तास लागतात. माझ्या दिराने शिमग्याला भांगेचा अर्धा पेला घेतला, ‘काही होत नाही’ म्हणून वर दोन पेले घेतले आणि रात्रभर अंगणात ‘मी मेलोय, आईला सांगा’ ओरडत बसला. कोवळ्या वयात, किंवा घरात कुणाला मानसिक आजार असेल तर टीएचसी भलतंच महागात पडतं. पाहुण्याला सांगायचंच असेल तर हे सांगा.

खाडीकाठचा

वहिनींचा प्रतिसाद माझ्या पोस्टपेक्षा उपयोगी आहे, हे दात-ओठ खाऊन लिहितोय.

तारकर्लीचा_पाहुणचार

बरं, प्राध्यापक. ग्रुपवरची पोस्ट काढतो, वहिनींचं आणि वकीलबाईंचं लिहिलेलं टाकतो. मावसभावाच्या झोपेवर मात्र मी ठाम आहे. आणि सालीवरही.

आंबेवाला_पावस

सालीचं इथे मिटायचं नाही. मे महिन्यात दोन डझन घेऊन तारकर्लीला येतो, पेट्या माझ्यासमोर उघडायच्या. आणि तुमच्या फळावर ते देवगडचंच असल्याचं पटवणारा कोडचा स्टिकर नसेल तर मी चाखणारसुद्धा नाही.