रोजचा हलका आहार शरीराला पुरतो का? : नाशिककरांचे अनुभव

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींच्या गप्पांत अलीकडे एक विषय हमखास निघतो. कोणी रात्री मुगाच्या डाळीचे कढण घेऊन झोपतो, कोणी सूर्यास्तानंतर ताकाखेरीज काही घेत नाही, तर कोणी सकाळची न्याहारीच सोडून दिलेली असते. पोट साफ राहते, झोप चांगली लागते, वजन आटोक्यात येते, हे त्यांचे अनुभव खोटे म्हणण्याचे काही कारण नाही. परंतु दिवसाकाठी जे दोन-अडीच वेळा पोटात जाते, त्यातून प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पुरेशी मिळतात का, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. तो मांडला जावा, यासाठी हा धागा आहे.

मोजण्यासाठी काही आधार हवा म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेले आकडे समोर ठेवू. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवलेली आहेत. बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे १६६० आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे २११० कॅलरी लागतात. काम मध्यम कष्टाचे असेल, तर हेच आकडे २१३० आणि २७१० होतात. लिहिताना ‘कमी खातो’ किंवा ‘माफक खातो’ एवढ्यावर थांबू नये. काय खाता, साधारण किती खाता, अंगमेहनत किती असते आणि रक्ततपासणी झाली असल्यास त्यात काय दिसले, हे लिहावे. औषधांविषयीचे सल्ले मात्र एकमेकांना देऊ नयेत.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षिका

निवृत्तीनंतर माझे जेवण आपोआप कमी झाले आणि ते कमी झाल्याचे मला समाधानही होते. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी दोन फुलके, भाजी आणि वाटीभर वरण, चार वाजता पुन्हा चहा, रात्री थोडा ताक-भात आणि पपईच्या दोन फोडी, असा माझा दिनक्रम होता. वजन ५२ किलो होते आणि साखर व रक्तदाब दोन्ही ठीक होते. तरीही जिना चढताना मांड्या भरून येत आणि केस ओंजळीने गळत. आमच्या शेजारी एक आहारतज्ज्ञ राहतात, त्यांनी माझ्याकडून सगळे पदार्थ वजनानिशी लिहून घेतले. बेरीज केली तेव्हा दिवसाची प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास निघाली. मला त्रेचाळीस ग्रॅम हवी होती, म्हणजे निम्मीसुद्धा मिळत नव्हती.

आमच्या घरचे वरण पातळ असते. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम असते आणि त्यातून तीन-सव्वातीन ग्रॅम प्रथिने मिळतात, हे मला त्या बेरजेमुळे समजले. ताकाचेही तसेच आहे. पेलाभर ताकात दही चार चमचे असेल, तर बाकीचे सारे पाणीच की! आता वरण घट्ट असते, दुपारी वाटीभर दही घेते, चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे असतात आणि रात्री ताक-भाताच्या जागी मुगाच्या डाळीची दोन धिरडी असतात. बेरीज चाळीसच्या जवळ पोहोचली आहे. पोटाला जडपणा वाटत नाही, कारण ताटाचा आकार फारसा वाढलेलाच नाही.

सातपूर, कारखान्यातील यंत्रचालक

वरच्या बाईंचे काम घरातले आहे, माझे दिवसभर उभ्याने यंत्रावरचे आहे, त्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे. पोट सुटू लागले म्हणून घरी सर्वानुमते माझा डबा हलका करण्यात आला आणि त्यात तीन पोळ्या व सुकी भाजी एवढेच येऊ लागले. साडेबाराला जेवलो की साडेतीनला भूक लागायची. मग फाटकाबाहेर एक वडापाव, कधी दोन, आणि पाळी सुटली की मित्रांबरोबर मिसळ. मिसळीतील मटकी चांगलीच असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्यावरची तर्री, सोबतचे फरसाण आणि एकामागून एक येणारे पाव मिळून डब्यातून वाचवलेल्या कॅलरी संध्याकाळपर्यंत व्याजासह परत येत असत. वजन तसूभरही उतरले नाही.

आता डब्यात दोन बाजरीच्या भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी असते. मिसळ रविवारी होते. कष्टाचे काम करणाऱ्याने डबा कमी करण्यापूर्वी डब्याबाहेर आपण काय खातो, ते आधी लिहून काढावे, असे मी सुचवीन.

दिंडोरी तालुका, द्राक्षबागेचे घर

आमच्याकडे हलका आहार कोणी ठरवून घेत नाही. बायकांच्या वाट्याला तो आपोआप येतो. विरळणी आणि डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या) दिवसांत पहाटे स्वयंपाक उरकून चहा-बिस्किटांवर बागेत जावे लागते, दुपारी भाकरी आणि कोरडी भाजी खाल्ली जाते व रात्री सर्वांना वाढून झाल्यावर जे उरेल ते आपले. डाळ आणि दूध आधी मुलांना, मग पुरुषांना, ही रीत कोणी सांगून लावलेली नाही, तरीही ती चालते. गेल्या हंगामानंतर तपासले तेव्हा माझे हिमोग्लोबिन साडेनऊ होते. बाईचे ते बारापेक्षा कमी असले की पंडुरोग धरतात.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या. पण आरोग्य केंद्रातील ताईंनी जे विचारले ते मला अधिक उपयोगी पडले. जेवणानंतर चहा किती वेळाने घेता, असे त्यांनी विचारले. आम्ही भाकरी खाऊन हात धुतले की लगेच चहा घेत असू. चहातील द्रव्यांमुळे धान्य-भाजीतील लोह शरीरात नीट शोषले जात नाही आणि लिंबू, आवळा किंवा पेरू यांच्यातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सुचवलेले आहे आणि पुरुषाला १९. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅमच असते. म्हणजे भाकरी कमी केली आणि तिच्यावर चहा ओतला, तर उरते काय? आता चहा बागेत तासाभराने होतो, डब्यात लिंबाची फोड असते आणि मेथी, चवळई किंवा शेवग्याचा पाला आठवड्यातून निम्मे दिवस तरी शिजतो. मुख्य म्हणजे डाळीचे पातेले सर्वांच्या आधी माझ्या आणि जाऊबाईंच्या वाटीत रिकामे होते. सासूबाईंनीच ते सुरू केले.

पंचवटी, उपासाचे घर

चातुर्मासातले सोमवार, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी धरल्या तर आमच्या घरी महिन्यातील बरेच दिवस उपासाचे असतात आणि त्या दिवशी पोटाला आराम मिळतो अशी सर्वांची समजूत असते. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका भरल्या बशीत पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, बटाटा आणि तीन चमचे तूप धरले, तर पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी होतात. ही हलकी न्याहारी म्हणता येणार नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्यात प्रथिने नावापुरतीही नसतात. बशीतील सहा-सात ग्रॅम प्रथिने बहुतेक सगळी शेंगदाण्यांची असतात.

त्यामुळे आम्ही उपास सोडला नाही, पदार्थ बदलले. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध आणि रताळे, एवढ्यांत दिवस व्यवस्थित निभतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साबुदाण्याच्या दुसऱ्या बशीपूर्वी जरूर विचार करावा. आमचे मामा करत नाहीत, पण तो वेगळा विषय आहे.

इंदिरानगर, बँकेतील नोकरी

मी शाकाहारी असून काही वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. रात्री फक्त फळे खायची असे ठरवल्यावर दूध आपोआप सुटले आणि दही सर्दीच्या भीतीने आधीच सुटलेले होते. पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मी त्या मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या. तपासणीत बी-१२ फारच कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच मिळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण घटू शकते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. काही दिवस इंजेक्शने घ्यावी लागली. पपई आणि सफरचंद उत्तम फळे आहेत, पण ती दुधाची जागा घेऊ शकत नाहीत. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. पूर्ण गेलेल्या नाहीत.

देवळाली कॅम्प

सर्व अनुभव उणिवेचेच येत आहेत, म्हणून उलट बाजू लिहितो. माझ्या सासूबाई मूळच्या पेठ तालुक्यातील असून वयाची ऐंशी उलटली तरी स्वतःचे कपडे स्वतः धुतात. त्या दिवसातून दोनदाच जेवतात आणि प्रत्येक वेळी थोडेच जेवतात. मात्र त्यांच्या ताटात नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाचे वरण, पालेभाजी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी असते, आणि सकाळी व रात्री पेलाभर दूध असते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. प्रौढांना रोज हजार मिलिग्रॅम सुचवलेले आहे. एक भाकर आणि दोन पेले दूध एवढ्यातच त्यांचा निम्म्याहून अधिक भाग भागतो. आमच्या घरी मात्र गव्हाच्या पोळ्या आणि पांढरा भात, आणि वरून कॅल्शियमची गोळी. पेठ-सुरगाण्याची नागली नाशिकच्या बाजारात सहज मिळत असूनही ही अवस्था आहे.

कॉलेज रोड, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीची आई

मुलगी दोन्ही वेळा काकडी-टोमॅटो आणि उकडलेला मका खाऊन राहत होती. वजन झपाट्याने उतरले, तिला आनंद झाला. मग पाळी लांबली आणि केस गळू लागले. डॉक्टरांनी आधी पोटभर जेवण सुरू करायला सांगितले. आता ती दोन अंडी आणि पोळी-भाजी नियमाने खाते. याहून अधिक लिहिलेले तिला आवडणार नाही.

नाशिक रोड, आहारतज्ज्ञ

वरील अनुभवांत एक गोष्ट वारंवार आली आहे, ती थोडी विस्ताराने मांडते. जेवण कमी करताना लोक भात किंवा चहा-साखर क्वचितच कमी करतात. सर्वांत आधी डाळ पातळ होते, दूध सुटते आणि शेंगदाणे तेलकट म्हणून बाजूला सारले जातात. म्हणजे कॅलरी थोड्या घटतात आणि पोषण मात्र पुष्कळ घटते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींचे जे ताट सुचवले आहे, त्यात तृणधान्ये साधारण २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ताटात धान्य यापेक्षा अधिक आणि डाळ याच्या निम्मी असते. ज्याला कमी खायचे आहे त्याने पहिली कात्री धान्याला, तेलाला आणि साखरेला लावावी; डाळ, दही आणि पालेभाजीला ती लावू नये.

साठीनंतर भूक कमी होते, पण स्नायू टिकवण्यासाठी लागणारी प्रथिने कमी होत नाहीत. वृद्धांसाठी दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने असावीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. तसेच काहीही प्रयत्न न करता सहा-आठ महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर त्याचे श्रेय हलक्या जेवणाला देऊन मोकळे होऊ नये; तपासणी करून घ्यावी.

सिडको, मुलगा

शेवटच्या परिच्छेदावरून लिहितो. वडील मुद्रणालयातून निवृत्त झाल्यापासून रात्री दूध-पोळी कुस्करून खात आणि दुपारी मऊ भात. वय झाले की आहार कमीच हवा, असे ते म्हणत आणि आम्हालाही ते पटत असे. वजन उतरत गेले, तेव्हा सर्व तपासण्या झाल्या आणि त्यांत काही निघाले नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी पाहिले, तर कवळी सैल झाल्यामुळे त्यांना भाकरी, उसळ किंवा काकडी चावताच येत नव्हती, आणि हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. नवी कवळी बसेपर्यंत आम्ही मऊसर मुगाची खिचडी, घोटलेले पालकाचे वरण, मऊ उकडलेले अंडे आणि नागलीची आंबील असा आहार ठेवला. आता ते ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता खातात आणि मटकीची उसळ दुसऱ्यांदा मागून घेतात. ज्यांच्या घरी ज्येष्ठांचे जेवण अचानक कमी झाले आहे, त्यांनी आधी त्यांना एखादी काकडीची फोड खायला देऊन पाहावे.